जिराफांनी दिलेला नळ

एका जंगलाचं शहर होत होतं, बाळांनो. बरीचशी झाडं संपली होती आणि अस्वलराव नगराध्यक्ष म्हणून निवडून आले होते. म्हणजे विकासाची सगळी तयारी झाली होती.

या शहरातून एक ओढा वाहायचा. लहानथोर सगळे त्याचंच पाणी प्यायचे. काठावरच्या बिळात सशीणबाई आपली पिल्लं घेऊन राहायची.

एके दिवशी दूरदेशीच्या जिराफांचा निरोप आला. "आम्ही तुम्हांला पाणीयोजना देऊ. मात्र ज्या शहरात पाण्याची काहीच सोय नाही, त्यालाच आमची मदत मिळते."

अस्वलराव पेचात पडले. ओढा तर खळाळत होता. त्यांनी सभा बोलावली.

"आपण ओढा बुजवू," ते म्हणाले.

"अहो, मग आम्ही प्यायचं काय?" सशीणबाईनं विचारलं.

"असं काय करता बाई! ओढा काय, कुणाकडेही असतो. परदेशी नळ आहे कुणाकडे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं गाव राबलं आणि ओढा बुजवून टाकला.

जिराफ मनाचे चांगले, बरं का. बोलल्याप्रमाणे त्यांनी चकचकीत नळ आणला. आणि त्यांच्या देशात बसवतात तस्साच बसवला. मान जरासुद्धा वाकवावी लागू नये, अशा उंचीवर.

उद्घाटनाला तुफान गर्दी झाली. पिल्लांच्या घशाला कोरड पडली होती. सशीणबाई हात जोडून म्हणाली, "साहेब, नळ थोडा खाली घेता येईल का हो?"

"बाई, आमच्या देशात अशी तक्रार कुणीच केलेली नाही," थोरले जिराफ प्रेमानं म्हणाले.

"दुसऱ्या टप्प्यात शिडी येतेय," अस्वलराव घाईघाईनं म्हणाले. "तोवर दम धरा की जरा!"

मग थोरल्या जिराफांनी नळ सोडला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. हनुवटीवरून थोडे थेंब खाली ओघळले. सशीणबाईनं लाजलज्जा सोडून पिल्लांना पुढं ढकललं. पिल्लांनी आ वासून ते थेंब झेलले. खरं सांगतो, मला ते बघवलं नाही.

अस्वलराव मात्र गहिवरले. माईक ओढून म्हणाले, "बघा मंडळी! मदत थेट तळागाळापर्यंत पोचली!"

तात्पर्य : परक्याची मदत कधीच वाया जात नाही. फक्त आपल्याला त्याच्या हनुवटीखाली नेमकं उभं राहता आलं पाहिजे.