दोन इंची पाइप

कळंबोलीजवळच्या कोन गावातल्या बंगल्यामागे आशालता घरत रोज पहाटे बंब पेटवत, तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार असे: आज किती बादल्या? बंब मागीलदारी, न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि मध्ये एकोणीस पायऱ्या. गिझरचं त्यांनी अनेकदा सुचवून पाहिलं होतं. पण गिझरचं पाणी त्यांच्या नवऱ्याच्या, काशीराम घरतांच्या, अंगाला लागत नसे. कंबर काही त्यांची दुखत नव्हती.

यंदाच्या थंडीत बायकोला जिन्यात मध्येच बसलेली पाहून काशीरामांना दया आली. बंबापासून वरपर्यंत पाइप टाकायचं ठरलं. रामू प्लंबर येऊन टेप लावून गेला आणि म्हणाला, "काका, पन्नास फूट होतंय. अर्धा इंची बास झाला. फार तर पाऊण."

"अर्धा इंची?" काशीराम खुर्चीतून उठलेच. "कळंबोलीत माझा पायपांचा गाळा हाय. लोकांच्या टॉवरला पाइप मी देतो, आनि माझ्या घरात सलाइनची नळी लावू? दोन इंची टाक!"

"काका, बंबात पानी मावतं तीन बादल्या. दोन बादल्या तर त्या पायपातच बसतील."

"बसू दे. घर कोनाचं हाय?"

पाणी वर चढवायला रामूने बंबाला छोटा पंप जोडला. लोखंडी दोन इंची पाइप आला. त्याच्यासाठी स्वयंपाकघराची भिंत फुटली, चार टाइल्स गेल्या आणि वजनाने दोनदा क्लॅम्प निखळले. आशालताबाईंनी तीन दिवस सिमेंटची धूळ पुसली. पुढे बादल्या नाहीत, या आशेवर त्यांनी तेही हसत केलं.

चौथ्या दिवशी काशीराम वर अंघोळीला गेले. नळ सोडला. एक बादली भरली, थंडगार. दुसरी भरली, तीही तशीच. रात्रभर पाइपात निजलेलं पाणी आधी बाहेर पडत होतं. तिसरीला जेमतेम कोमट पाणी आलं, कारण उरलेली ऊब लोखंडाने पिऊन टाकली होती.

"लाकडं कमी घातलीस!" वरून ओरडा आला.

लाकडं वाढवली. बंब खदखदला, वर मात्र कोमटच. कुडकुडत खाली आल्यावर काशीरामांनी जाहीर केलं, "कोमट पानी तब्येतीला बरं असतं." तरी त्या दिवसापासून आशालताबाईंच्या हातात पुन्हा बादल्या आल्या. त्या खरोखर थकल्या होत्या. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा, रेवाचा, फोन आला. ती आणि जावई सत्यजीत पुण्याहून दोन दिवस राहायला येणार होते. काशीरामांना घाम फुटला. जावयांना त्यांनी पाइपाचा फोटो पाठवून, वर सांगितलं होतं, "नुसता नळ फिरवा, चटका बसंल!"

"मी कंबरेला पट्टा बांधलाय," आशालताबाई शांतपणे म्हणाल्या. "जिना चढायला डॉक्टर नाय बोललेत."

लेक-जावई आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे एकोणीस पायऱ्यांवर पावलं वाजली, पण वेगळी. पायपांचे व्यापारी काशीराम घरत दोन्ही हातांत वाफाळत्या बादल्या घेऊन, लुंगी वर खोचून, आवाज होऊ नये म्हणून जपत चढत होते. आशालताबाई ओट्यापाशी बसून चहा पीत ते ऐकत राहिल्या.

"पप्पा, एक नंबर सिस्टीम!" नाश्त्याला सत्यजीत म्हणाले. "नळ सोडायचीसुद्धा गरज पडली नाही. बादल्या भरलेल्याच होत्या!"

"पाव्हन्यांना आमी नळ फिरवायला लावत नाय," काशीराम कंबर दाबत म्हणाले.

"मग माझं वर्क फ्रॉम होमच आहे. रविवारपर्यंत राहतो."

जावई वर गेल्यावर काशीराम बायकोजवळ सरकले. "रामूला फोन लाव," ते हळूच म्हणाले. "अर्धा इंची टाकून घेऊ."

"कशाला वो?" आशालताबाईंनी दुसरा कप ओतून घेतला. "राहू द्या की. दोन इंचीच बरा हाय."