गुप्त शोधाचा गवगवा

"आजपासून या घरात कोण काय शोधतं, हे जगात कुणालाही कळणार नाही!" जुन्या लॅपटॉपवर थाप मारून नवऱ्याने जाहीर केलं. थाप जरा जोरातच बसली. लॅपटॉप बंद पडला आणि कण्हत पुन्हा सुरू झाला.

तिला हे हवंच होतं. तिने एकदाच, अगदी एकदाच, 'बाळ बाटलीने दूध पीत नाही' असं शोधलं होतं. तेव्हापासून मोबाइल उघडला की जाहिरातींतली गुबगुबीत बाळं बाटल्या रिचवत समोर हजर! इकडे तिची सहा महिन्यांची चिमणी बाटली दिसली की ओठ तिजोरीसारखे मिटायची. सोमवारपासून आईला चष्म्याच्या दुकानातल्या डोळे तपासायच्या नोकरीवर परत जायचं होतं. तोवर चिमणी बाटली घ्यायला लागली नाही तर रजा वाढणार आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार.

"हे आपलं घरचं शोधयंत्र," नवरा सांगू लागला. "प्रश्न याला विचारायचा. हे चार मोठ्या शोधयंत्रांकडे जातं आणि आपलं नाव न सांगता उत्तरं गोळा करून आणतं. फुकट! आणि याचा कोड उघडा, कुणीही वाचावा."

"उघडं म्हणतोस आणि गुप्तही म्हणतोस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, कोड उघडा. प्रश्न गुप्त!"

सासऱ्यांनी लगेच जवळचा न्हावी शोधला. यंत्राने समुद्रापलीकडचा काढून दिला.

"आपण कुठे राहतो हेसुद्धा त्याला ठाऊक नाही, बाबा!" नवऱ्याची छाती फुगली.

"मग केस कापायला विमानाने जाऊ का रे?"

पण गुप्ततेची चटक सगळ्यांनाच लागली. ती बाथरूममध्ये नळ सोडून शोधायची. सासूबाई पातेल्याआड फोन धरून उभ्या. सासरे तर गॅलरीत पाठमोरे!

रविवारी सकाळी यंत्राने हात टेकले. एकही उत्तर येईना. नवऱ्याने नोंदी उघडल्या.

"कसल्या नोंदी?" ती दचकली.

"बिघाड कळावा म्हणून ठेवल्यात गं. जगाला नाही दिसत, फक्त मला दिसतात." आणि हा भला माणूस चक्क मोठ्याने वाचायला लागला! "'बाळ बाटली घेत नाही', एकसष्ट वेळा. 'नात बाटली घेत नाही, सुनेला न कळता उपाय', अठ्ठेचाळीस. 'बाळाचं दूध आजोबांनी चाखलं तर चालतं का'..."

सासऱ्यांना खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं दिसलं.

"'बायको कामावर जाताना रडली तर...'" नवरा थांबला. त्याचे कान लाल झाले. "ते जाऊ दे."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणजे आठवडाभर अख्खं घर तिच्यासाठी चोरून झुरत होतं!

"सगळे प्रश्न याच घरातून गेले ना," नवरा पुटपुटला. "एकच गोष्ट इतक्या वेळा माणूस विचारेल, हे त्या मोठ्या शोधयंत्रांना पटलं नसणार. म्हणून आपल्यावर बंदी!" त्याने एका मोठ्या शोधयंत्राचं पान थेट उघडलं. त्यावर प्रश्न होता, 'तुम्ही यंत्रमानव तर नाही ना?'

"मी? यंत्रमानव?" सासूबाई कडाडल्या. त्यांच्या मांडीवर चिमणी आणि हातात बाटली होती. "पहाटेपासून राबतेय, म्हणून यंत्र?"

"आई, चित्रातले सिग्नलचे चौकोन निवडायचेत. मग सोडतात."

"तो वरचा!" "खांब धरायचा का?" "बाबा, ती बस आहे!" "चुकलं! पुन्हा!"

चित्रं बदलत होती, घर ओरडत होतं आणि चिमणी तोंडाचा आ करून बघत राहिली. सासूबाईंनी तो आ वाया घालवला नाही. सातव्या चुकीला बाटली रिकामी झाली होती!

सोमवारी दुपारी तिने दुकानातून फोन केला. "प्यायली का रे?"

"कसली पितेय! त्यांनी बंदी उठवली. एक सिग्नल दाखवत नाहीत!"

"अरे देवा! मग?"

"मग काय! आम्ही तिघं बसलोय, तिघांच्या हातात फोन. तोच प्रश्न, एकशेचौदाव्यांदा..."

तेवढ्यात मागून सासऱ्यांची आरोळी आली, "अडवलं रे, अडवलं! बाटली आण, या वेळी सायकली आहेत!"