पंक्तीतलं औषध

पौडच्या निराधार वृद्धगृहात पंक्तिप्रपंच चालत नसे. एका ताटात जिलबी पडली की ती सगळ्या ताटांत पडली पाहिजे, हा तिथला नियम क्रमांक एक. नियम क्रमांक दोन नव्हताच. पहिल्याचंच पालन करताना व्यवस्थापक हैबतराव थकून जात.

माझ्या आत्येसासूबाई गोजराबाई तिथे राहत. आमच्या घरी जागा नव्हती. लेकराचा पाळणाच मोठा होता. त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली, ताप चढला. पुण्याच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी सगळ्या संपवा. अर्धवट सोडल्या तर जंतू निर्ढावतात."

हैबतरावांनी कॅप्सूल ताब्यात घेतल्या आणि मिठानंतर, लोणच्याआधी पंक्तीत वाढल्या. प्रत्येकी एक.

"अहो, आजारी एकट्या आत्या आहेत!"

"वैनीसाहेब, पुण्याचं औषध हाय. एकीला दिलं तर बाकीच्यांनी काय त्वांडाकडं बघत बसायचं?"

आत्यांना जरा आराम पडला, मग ताप दुपटीने आला. डॉक्टरांनी दुसरं, महागडं औषध दिलं. तेही वाढलं गेलं. नियमाप्रमाणे रात्रीचं लघवीचं भांडंही सर्वांना एकच होतं, त्यामुळे जळजळ शेजारच्या खाटेवरच्या रंभाबाईंकडे आणि तिथून सगळ्या खोलीत पोचली. हैबतरावांनी समितीला कळवलं: 'औषधाची मागणी वाढल्याने वाटप योग्यच होते, हे सिद्ध झाले आहे.'

पुण्याहून तपासणीचा निकाल आला. दिलेल्या कुठल्याच औषधाला आता हे जंतू जुमानत नव्हते. एक नवं तेवढं उरलं होतं. ते मी स्वतः आणलं आणि हैबतरावांना चुकवून आत्यांच्या उशीखाली ठेवलं.

"आत्या, हे शेवटचं. कुणाला द्यायचं नाही. जिवाचा प्रश्न आहे."

"व्हय गं पोरी, मला काय कळंना व्हय?"

पुढच्या खेपेला गेले, तर आत्या तापाने फणफणलेल्या आणि पुडी रिकामी.

"समदी टकामका बघत व्हती गं. एकटीच्या घशाखाली कसं उतरंल? मीच वाढलं." मग उशीखालून एक कॅप्सूल काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही माझ्या वाटची. लेकराला पडसं झालंय म्हनत व्हतीस न्हवं?"

आत्या आता कुठल्याच औषधाने बऱ्या होणार नव्हत्या. एका कॅप्सूलने त्यांचं काय होणार, असं मी बी.ए.पर्यंतच्या शिक्षणाच्या बळावर स्वतःला पटवलं आणि ती पदराच्या टोकाला बांधली.

हसताय? तुमच्या फडताळातल्या डबीत मागच्या तापातल्या गोळ्या उरल्यात, त्या कुणासाठी राखून ठेवल्यात?