पाड्याची सरासरी चाळीस लिटर

उधव्याजवळच्या त्या पाड्यात दहा घरं आणि दहा नळ आहेत, हे कागदोपत्री केव्हाच सिद्ध झालं होतं. त्यातल्या नऊ नळांना पाणी येत नाही, एवढंच सिद्ध व्हायचं राहिलं होतं. टँकर मिळावा म्हणून जमनाने अर्ज केला, आणि तो तपासायला तालुक्याहून गौरवसाहेब आले. माणूस सज्जन, संख्याशास्त्र शिकलेला; दोन घोट घेतल्याशिवाय चहाबद्दलही मत द्यायचा नाही.

साहेबांनी आधी शून्य परिकल्पना मांडली. म्हणजे असं की, माणशी पंचावन्न लिटर पाणी येतंच आहे हे खात्याने धरून चालायचं. येत नाही हे दाखवायचं काम तहानलेल्याचं.

मग दहाही घरं मोजली. नऊ घरी शून्य. दहावं घर चिकूवाडीवाल्या तात्यांचं, त्यांचा नळ थेट मोठ्या पाइपाला जोडलेला. तिथे माणशी चारशे. सरासरी आली चाळीस.

"चाळीस म्हणजे कमीच ना, साहेब?" जमनाने विचारलं.

"कमी आहे, जमनाताई, पण लक्षणीय कमी नाही. आकड्यांचा फैलाव फार मोठा आहे. चाळीस आणि पंचावन्नमधला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो."

रोज दोन हंडे घेऊन आपण ओहोळापर्यंत उतरतो तो योगायोग, हे जमनाला नव्यानेच कळलं. ती म्हणाली, सरासरी राहू द्या, कोरडी घरं तेवढी मोजा. साहेबांनी समजावलं, प्रमाणाच्या चाचणीलाही नियम असतो: निदान पाच घरी पाणी नसावं आणि निदान पाच घरी असावं. थोडक्यात, पाणी नाही हे सिद्ध करण्यापुरतं पाणी पाड्याकडे नव्हतं.

मग जमनाने फैलावालाच हात घातला. तात्यांना जाऊन म्हणाली, एक दिवस तुमचा नळ बंद ठेवा. तात्या मोठ्या मनाचे, ठेवला. साहेबांनी पुन्हा मोजलं. दहाही घरी शून्य, फैलाव शून्य. चाचणीत भागायचं असतं फैलावाने, आणि शून्याने भागायला कॅल्क्युलेटर तयार होईना. साहेबांनी जड मनाने शेरा मारला: 'पाड्यात पूर्ण एकवाक्यता असल्याने चाचणी घेता आली नाही. परिकल्पना कायम.'

टँकर मात्र आठवड्याभरात आला आणि तात्यांच्या फाटकातून आत गेला. जमनाने तडक तालुका गाठला. साहेबांनी शांतपणे तात्यांच्या मीटरची नोंद पुढे सरकवली. वर्षभर रोज माणशी चारशेच्या आसपास, आणि एके दिवशी एकदम शून्य. इतका ठळक फरक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणि आमचा?"

"तुमच्याकडे काल शून्य, आज शून्य. नेमकं बिघडलं काय, ते तरी दाखवा."

वाचकहो, परवा तुमच्या घरचा नळ अर्धा तास कोरडा राहिला, तर तुम्ही दुपारच्या आत तीन ठिकाणी तक्रार नोंदवलीत. बरोबरच केलंत. तुमचा फरक लक्षणीय होता.