पारंपरिक उशीवादन

आखातातल्या करामा वस्तीतील आमच्या ढोल-ताशा पथकात चाळीसेक वादक आहेत आणि ढोल एकही नाही. बाहेरच्या माणसाला ही व्यवस्था अपुरी वाटण्याची शक्यता आहे. परंतु आम्ही तिथवर टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक नियमाचे पालन करत पोहोचलो आहोत.

सुरुवातीला ढोल होते. ते जहाजाने आले, नारळ फोडून त्यांची पूजा झाली आणि पहिला सराव आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवण्यात आला. पहिला ठेका पुरता वाजण्याआधीच इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, धापा टाकत वर आला. "यल्ला, यल्ला, नीचे! मालिक का फोन आया." आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. तिथे उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम सुरू झाले. त्यांतली एक पांढरी गाडी बऱ्यापैकी तालात होती, पण पथकात गाडी घेण्याची तरतूद नव्हती.

मग शारजात एक गोदाम पाहिले. शेजारच्या गोदामात काचा ठेवलेल्या होत्या, हे आम्हाला वाजवल्यानंतर कळले. मग वाळवंटात गेलो. तिथे दुसऱ्या दिवशी उंटांच्या गोठ्याचे मालक स्वतः आले, सगळ्यांना खजूर आणि कावा, म्हणजे अरबी कॉफी, दिली, आमच्या कलेचे कौतुक केले आणि उंटिणींनी कालपासून दूध दिलेले नाही असे अतिशय अदबीने सांगितले. एवढ्या सभ्य माणसाशी भांडता येत नाही. शेवटी पथकातल्या बाबाजीने ढोल उचलून रुवैसला नेले. बाबाजी मूळचा गुहागरचा, तिकडे रिफायनरीच्या कामावर क्रेन चालवतो. "काकी, आमच्या यार्डात एवढा आवाज असतो की ढोल बिचारे लाजून गप बसतील," असे म्हणून त्याने ते ताडपत्रीखाली ठेवले. तेव्हापासून सराव उशांवर होतो, आमच्याच दिवाणखान्यात.

व्यवस्था चांगली बसली. ढोलवाले कमरेला उशी बांधतात. ताशेवाल्यांना सोफ्यावरच्या लहान गाद्या दिल्या आहेत. झांजवाले हातमोजे घालतात. सर्वांच्या डोक्याला फेटे असतात. पुण्याहून एक प्रशिक्षक व्हिडिओवर शिकवतात आणि अधूनमधून ओरडतात, "आवाज येत नाहीये!" तेव्हा सगळे अभिमानाने माना डोलावतात.

या व्यवस्थेत एकाच माणसाची अडचण झाली. आमचे हे, मुरलीधरपंत, तरुणपणी सांगलीला ढोल वाजवत. असा वाजवत की गणपतीनंतर आठवडाभर त्यांच्या हातात पाण्याचा पेला ठरत नसे. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी "मुलगा काय करतो?" असे विचारले, तेव्हा मध्यस्थाने नोकरीच्या आधी हेच सांगितले होते. आता त्यांचे कान चालले आहेत. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "काका, बारीक आवाज गेले. जाडे, खालचे आवाज अजून पोहोचतात. पण काही महिनेच, इन्शाल्ला." इथे इन्शाल्ला कुठे लावायचे ते डॉक्टरांनाही कळले नसावे.

त्या दिवसापासून मुरलीधरपंतांचा एकच हट्ट आहे. कान बंद होण्याआधी त्यांना नातीचा हात ऐकायचा आहे. ढोल रुवैसला गेल्यावर पथकात आलेली आमची नात मिहिका पुढच्या रांगेत वाजवते. एरवी सरावाच्या वेळी खाली फिरायला जाणारे हे आता समोर खुर्ची टाकून बसतात. चाळीस माणसे घाम गाळून बडवताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कानातले यंत्र काढून झटकले, पुसले, परत घातले आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "वासंती, गेले गं. सगळेच गेले."

"अहो, उशा आहेत त्या," मी कानाशी ओरडले.

"कुशा कोण?"

मग मी कागदावर लिहून दाखवले. त्यांनी वाचले, उशांकडे बघितले, आणि त्यांना कान गेल्यापेक्षा जास्त दुःख झालेले दिसले.

दरम्यान पथकात फूट पडली. काही तरुणांनी फोमच्या उशा आणल्या. जुने सभासद म्हणाले, ढोल कापसाच्या उशीवरच वाजवावा, ती आपली संस्कृती आहे. फोमवाले म्हणाले, कापसाला गाठी होतात, काळाबरोबर बदलायला हवे. चर्चा इतकी तापली की कापूसवाल्यांनी वेगळा ग्रुप काढला आणि त्यावर ते रोज सकाळी फोमवाल्यांना सुविचार पाठवू लागले.

अशा वातावरणात आखाती मराठी वादन महासंघाची स्पर्धा जाहीर झाली. तिचे दोन गट होते, परंपरा आणि नवोपक्रम. ढोल कोणत्या गटात जातो, असा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. तो पथकाच्या अध्यक्षा विनिता यांना पडला. विनिता एका मोठ्या कंपनीत माणसे नेमण्याचे आणि काढण्याचे काम करतात, त्यामुळे त्यांचा स्वभाव फार गोड आहे.

"काकू, रूल्स एकदम क्लिअर आहेत," त्या म्हणाल्या. "परंपरा म्हणजे सलग तीन वर्षं केलेली आणि व्हिडिओ असलेली गोष्ट. आपल्याकडे उशांचे तीन वर्षांचे व्हिडिओ आहेत. ढोलाचा एकही नाही."

"म्हणजे उशी परंपरा?"

"ऑफकोर्स."

"आणि ढोल?"

"ढोल नवोपक्रम. थोडा रिस्की आहे, पण बघू."

हे मला गिळवेना. मी महासंघाच्या परीक्षक मंडळासमोर साक्ष द्यायला गेले. मंडळाचे अध्यक्ष सुटाबुटातले, उपरणे घेतलेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी उठून मला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, करक चहा मागवला. ज्येष्ठांचा आदर हा त्यांच्या नियमावलीचा पहिलाच नियम होता. दुसरा नियम, ज्येष्ठांचे म्हणणे पुरावा धरू नये, असा होता.

मी सांगितले, माझ्या लहानपणी सांगलीच्या मिरवणुकीत ढोल वाजायचे, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकायची. आई एका हाताने पोळी लाटायची आणि दुसऱ्या हाताने भांडी मागे ढकलायची.

अध्यक्षांचे डोळे पाणावले. "वा! काय ते दिवस. व्हिडिओ आहे?"

"भांड्यांचा?"

"कशाचाही."

"नाही. आठवण आहे."

"आजी, आठवण आम्ही फार मानतो," अध्यक्ष म्हणाले. "पण ती अपलोड होत नाही. शिवाय सांगली आखातात येत नाही."

मग मी करामाची आठवण काढली. आम्ही इथे आलो तेव्हा आजच्यासारखी हॉटेले नव्हती, मोदकाचे पीठ सुटकेसमधून यायचे, आणि गणपतीत गच्चीवर मुरलीधरपंत तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून वाजवायचे. शेजारचे पठाण आणि मल्याळी वर येऊन नाचायचे. नातूरसुद्धा नाचायचा. याचा फोटो माझ्या पर्समध्ये होता. तो मी टेबलावर ठेवला.

परीक्षकांनी फोटो आळीपाळीने पाहिला. एकाने तो कानाला लावला की काय असे मला वाटले, पण तो नुसता चष्मा सावरत होता.

"यात आवाज दिसत नाही," तो म्हणाला.

"फोटोत आवाज कसा दिसेल?"

"मग याचा अर्थ एवढाच निघतो," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "की त्या काळीही वादन शांतच होतं. आजी, थँक यू. तुमच्यामुळे उशांची परंपरा चाळीस वर्षं मागे गेली."

मी उठले. माझ्या साक्षीची नोंद कापसाच्या बाजूने झाली.

घरी आल्यावर मुरलीधरपंतांनी हातानेच विचारले, काय झाले? मी हातानेच सांगितले, काही नाही. मिहिका सगळे बघत होती. तिने हातातली उशी सोफ्यावर फेकली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही सगळे कळते.

"आजी, आय हॅव नेव्हर हिट अ रिअल वन. नॉट वन्स. अँड आजोबा कान्ट वेट."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"नवोपक्रम. वी अप्लाय."

अर्ज आम्ही दोघींनी मिळून केला. ढोल हा शब्द लिहिला असता तर तो जुना ठरण्याचा धोका होता. म्हणून लिहिले: 'लाकडी पिंपाच्या दोन्ही तोंडांवर ताणलेल्या पडद्यावर थेट आघात करून, स्पीकर व विजेशिवाय ध्वनी निर्माण करणारे अंगावर घालण्याजोगे उपकरण.' मंडळ भारावून गेले. अध्यक्षांचा स्वतः फोन आला.

"आयडिया जबरदस्त आहे. बॅटरी किती चालते?"

"माणूस थकेपर्यंत," मी म्हणाले.

"वायरलेस?"

"दोऱ्या आहेत. पण त्या ताणायच्या असतात, जोडायच्या नाहीत."

परवानगी मिळाली. अट एकच होती, सभागृहाच्या ध्वनिमर्यादेमुळे उपकरण फक्त एकदाच वाजवून दाखवावे. एक ठोका. मिहिकाने मान्य केले. बाबाजीने सुट्टी टाकून रुवैसहून एक ढोल पिकअपमधून आणला. वाटेत चौकीवर पोलिसांनी विचारले, हे काय आहे? तो म्हणाला, "म्युझिक, हबीबी." त्यांनी ते उघडून दाखवायला सांगितले. "आता काकी, ढोल उघडून आत काय दाखवायचं? हवा दाखवली. खलास म्हणाले, जा."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरले होते. आधी परंपरा गट झाला. आमचे पथक नऊवारीत आणि फेट्यांत रंगमंचावर आले, मधे भगवा ध्वज नाचला, आणि चाळीस जणांनी कापसाच्या उशांवर ठेका धरला. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. माझ्या उजवीकडच्या बाई पदराने डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या, "इकडे राहूनसुद्धा मुलांनी किती जपलंय, नाही?" वादन संपले हे फेटे थांबल्यावरून कळले. प्रेक्षकांनी नियमानुसार हात वर करून पंजे हलवले.

नवोपक्रम गटात एका पथकाने ढोलाचे ॲप आणले होते. दुसऱ्याने भिंतीवर ढोलाच्या सावल्या नाचवल्या. मग मिहिकाचे नाव पुकारले. ढोल तिच्या मानाने मोठा होता. बाबाजीने मागून पट्टा आवळला आणि म्हणाला, "ताई, उशीला मारतेस तसं नको. उशी परत मारत नाही. हा मारतो." मुरलीधरपंत पहिल्या रांगेत, माझ्या डावीकडे बसले होते. त्यांनी यंत्र कानात घट्ट बसवले आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मिहिकाने त्यांच्याकडे पाहिले, टिपरू उचलले आणि मारले.

तो ठोका कसा होता हे मी लिहिणार नाही. मंडळाने माझी आठवण एकदा तपासली आहे. एवढेच सांगते की रंगमंचाच्या कडेचा ध्वनिमापक लाल झाला आणि लालच राहिला. वरच्या झुंबराचे लोलक वाजले. पदरवाल्या बाईंनी कान झाकले आणि लगेच, कान तसेच उघडे टाकून, फोन वर धरला. सभागृहाचा सुरक्षा अधिकारी धावत आला. "खलास, खलास! मॅडम, प्लीज!"

 मुरलीधरपंतांनी यंत्र काढून खिशात ठेवले, ते माझ्याकडे वळले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ढोलाचं पान ढिलं आहे. डावीकडची दोरी ओढायला सांग."

रंगमंचावर मिहिका रडत होती आणि हसतही होती. "कोणती डावीकडची, आजोबा?" ती चक्क मराठीत ओरडली. "माझ्या की तुमच्या?"

दोरी ओढेपर्यंत निकाल लागला. परंपरा गटाचे सुवर्णपदक आमच्या उशांना मिळाले. नवोपक्रमात ढोल बाद झाला. परीक्षकांनी नमूद केले की उपकरण कल्पक आहे, परंतु आवाज करते.

विनितांनी सर्वांना पेढे दिले. कापूसवाल्यांनी ग्रुपवर सुविचार टाकला. मुरलीधरपंतांना तो ठोका दोन महिने पुरला. जेवताना ते मधेच बोटाने ताटाची कड वाजवायचे आणि "ढिलं होतं, पण हात चांगला आहे" म्हणायचे. पुढे तेही थांबले. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला.

त्या एका ठोक्याचा व्हिडिओ मात्र जगभर पोहोचला. पुण्यात, नाशकात, अमेरिकेत, सगळीकडे लोकांनी तो पाहिला आणि पुढे पाठवला. खाली हजारोंनी लिहिले, काय आवाज आहे, अंगावर काटा आला, छाती भरून आली, हाच आपला खरा वारसा. मी सगळे वाचले. मग मिहिका घाबरत माझ्याकडे आली. महासंघाने व्हिडिओ टाकताना सभागृहाच्या नियमानुसार आवाज काढून टाकला होता. पहिल्या दिवसापासून त्यात काहीच ऐकू येत नव्हते, आणि हे कोणीही लिहिले नव्हते.

तुम्ही काय लिहिले होते, तेही मी वाचले आहे.