पडून राहण्याचा प्रसंग

“पडलीस तर पड, पण दहा म्हणायच्या आत उभी राहा. पडून राहिलेली मला दिसू नकोस,” आत्या म्हणायची. जिला सगळे डावखुरीच म्हणत, ती मुलगी बॉक्सिंग शिकली ती या आत्याकडूनच.

जिद्दीवर सिनेमा काढायचा तर जिद्दी माणसांना जरा बाजूला सारावं लागतं, हे कलेचं जुनं तत्त्व आहे. त्यानुसार सिनेमावाल्यांनी बॉक्सिंगचं सभागृह ताब्यात घेतलं आणि सरावाच्या मुलींना व्हरांड्यात बसवलं. भिंतींची खरी ओल कॅमेऱ्यात पुरेशी गरीब दिसेना, म्हणून तिच्यावर रंगाऱ्याकडून चांगल्या प्रतीची ओल रंगवून घेतली. नायिकेनेही भूमिकेसाठी अपार कष्ट सोसले. (महिनाभर साखर सोडली. साखरेची प्रतिक्रिया कळली नाही.)

डावखुरीला प्रतिस्पर्ध्याचं काम मिळालं. नायिकेचा ठोसा जवळून गेला की आडवं व्हायचं आणि दहा मोजेपर्यंत पडून राहायचं, एवढंच.

ती आडवी झाली. पंच आठवर आला आणि ही उभी!

“अगं बाई, पडून राहायला काय घेशील?” दिग्दर्शक कळवळला. “हार मानायची नाही, हाच आपल्या सिनेमाचा संदेश आहे. तू मान ना जरा!”

“मी मानते हो. पाय ऐकत नाहीत.”

दुसऱ्या दिवशीही पाय ऐकेनात. संघनिवडीच्या लढती याच सभागृहात व्हायच्या होत्या. हा प्रसंग झाल्याशिवाय जागा सुटणार नव्हती, आणि वयाच्या नियमाने डावखुरीची ही शेवटची निवड होती. अखेर आत्याच आत आली.

“पड बाई. मी तोंड फिरवून बसते.”

“भरपाई करीन, आत्या. खऱ्या लढतीत समोर बस.”

आत्याने भिंतीला कपाळ टेकलं. दहा झाले. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. आत्याच्या कपाळाला ओल लागली. ती रॉकेलने काढावी लागली.

मग निवड समितीने सर्वांच्या सोयीचा दिवस शोधायला घेतला. तो सापडेपर्यंत सिनेमा पुरा झाला आणि नेमका लढतींच्याच संध्याकाळी लागलासुद्धा. नायिकेची जिद्द पाहून जवळपास सगळे प्रेक्षक रडले. (उरलेले गाडी लावायला जागा शोधत होते.)

इकडे सभागृहात प्रवेश मोफत होता. खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत आत्या बसली होती. तिच्या शेजारची रिकामी खुर्ची तुमची. तुम्ही पलीकडच्या रस्त्यावरच्या थिएटरात, पडद्यावरची डावखुरी उठत नाही म्हणून शिट्ट्या वाजवत होतात.

डावखुरीने मनगटाची पट्टी दातांनी आवळली, आत्याकडे एकदा पाहिलं, आणि दोरांमधून आत शिरली.