मागचं छान दिसतंय

चिरंजीवांनी गाडीला शेपूट बसवून आणलं, तेव्हा आक्का बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. वरून त्यांना वाटलं, कुणाचं तरी टेबल गाडीवर पडलंय. खाली जाऊन पाहिलं तर टेबल नव्हतं. मागच्या काचेच्या वर, छपराच्या कडेला, एक काळी चकचकीत फळी आडवी ठोकली होती आणि तिचे दोन जाड पाय थेट काचेसमोर उतरले होते.

"स्पॉयलर म्हणतात याला," चिरंजीव म्हणाले. "गाडी वेगात असली की हवा तिला मागून उचलते. हा तिला खाली दाबून धरतो."

आक्कांनी गाडीकडे नीट पाहिलं. तीन माणसं बसली की पुलाच्या चढावर धापा टाकणारी, सायकलवाल्यांनी घंटी वाजवून मागे टाकावी अशी ती लाल डबी. हिला म्हणे हवा उचलणार होती.

"हिला आजवर टोचनवाल्यानेच उचललंय," त्या म्हणाल्या. "हवेला कशाला बोल लावतोस?"

चिरंजीव गोदामात कारकून. हाताखालच्या नव्या पोराने आपल्या गाडीला फळी लावली, त्या दिवसापासून यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सूनबाईंनी लगेच फोन काढून फोटो घेतले. दोन काढून झाल्यावर म्हणाल्या, आई, जरा बाजूला व्हा, तुमच्यामुळे तो झाकला जातोय. आक्का बाजूला झाल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, की बाजूला होण्याची ही नुसती सुरुवात आहे.

पहिल्याच फेरीला अडचण समोर आली, म्हणजे मागे आली. या छोट्या गाडीची मागची काच मुळात ताटाएवढी. वरचा भाग फळीने खाल्ला, कडा तिच्या पायांनी खाल्ल्या. आरशात बघावं तर मधे एक फट उरलेली, आणि त्या फटीत नेमका आक्कांचा अंबाडा. चिरंजीव गोड आवाजात म्हणाले, आई, थोडी खाली सरकतेस का, मागचं काही दिसत नाही. आक्का सरकल्या. मग, अजून थोडी. मग आक्कांच्या मानेमागची उशी काढून घरी ठेवली गेली, कारण तीही आड येत होती. आठवडाभरात त्या मागच्या सीटवर अशा घसरून बसायला लागल्या, की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या म्हातारीला पळवून नेतायत. खिडकीतून त्यांना फक्त आभाळ आणि विजेच्या तारा दिसायच्या. आपण घराकडे चाललोय की दवाखान्याकडे, ते तारांवरून ओळखायचं.

पुढच्या सीटवर बसायची सोय नव्हती. सूनबाईंना मागे बसलं की मळमळायचं. ही मळमळ लग्नानंतरची होती, पण पक्की होती.

"ते शेपूट काढून टाक ना," आक्का एकदा म्हणाल्या.

"एवढं बसवलंय ते काढायला?"

शेपूट नवीन होतं, आई जुनी होती. दोघांपैकी काय हलवायचं, याचा निकाल कोर्टापेक्षा लवकर लागला.

त्यानंतर आक्कांनी गाडीत बोलणं सोडलं. काही रागाने, आणि काही हनुवटी छातीला टेकली की शब्द फुटत नाही म्हणून. चिरंजीव सूनबाईंना हळूच म्हणायचे, रुसलीय. दोघांनाही त्या शांततेची लवकर सवय झाली. जरा जास्तच लवकर, असं आक्कांना वाटलं.

एका बाबतीत मात्र आक्कांशिवाय त्या गाडीचं पान हलत नव्हतं. इमारतीखालची बोळ अरुंद, गाडी मागे घेतच रस्त्यावर काढायची, आणि मागचं तर कुणाला दिसत नाही. मग आक्कांना खाली उतरवायचं. हे काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं. त्यांचे यजमान कपाटं, पलंग पोचवायचा टेम्पो चालवायचे आणि मागे उभं राहून तो काढून द्यायच्या त्या आक्का. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे मोकळं आहे, निघ. पण 'निघ' म्हटलं तरी यजमान निघायचे नाहीत. बायको वळसा घालून यायची, शेजारी बसायची, दार लागायचं, मग गिअर पडायचा. थापा चिरंजीवांनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्यानंतरचं थांबणं काही कानाला ऐकू येत नाही. ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. ते थांबायचे ते सूनबाई रस्त्यावर येऊन बसेपर्यंत, आणि तेवढ्यात आक्का मागे बसून घ्यायच्या.

तर आता लेकीच्या दुकानाची गोष्ट. आक्कांच्या लेकीने गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणकामाचं दुकान घेतलं. आक्कांनीच तिला शिवण शिकवलेली, पहिलं मशीनही आक्कांचंच. उघडायच्या दिवशी शटरचं कुलूप आईने काढायचं, असं लेकीने ठरवून किल्ली आधीच आक्कांकडे दिली. लेकीच्या सासूबाईंना हे रुचलं नाही. त्या फोनवर मधाळ आवाजात म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब तुम्ही कशाला दगदग करता? बसने यायचं म्हणजे हाल. आम्ही उघडू की."

"बसने कशाला?" आक्का म्हणाल्या होत्या. "मुलाच्या गाडीतून येईन. तुम्ही फक्त दारात उभ्या राहा."

हे बोलणं आक्कांनी बोलून टाकलं, आणि मग त्याच्या तालमी सुरू केल्या. गाडी कशी थांबेल, मुलगा उतरून मागचं दार कसं उघडेल, आपण विहीणबाईंकडे न बघता कसं उतरायचं. उतरायच्या एक वळण आधी सरळ बसायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं. आरसा झाकला गेला तर जाऊ दे.

त्या सकाळी आक्कांनी पर्स मागच्या सीटवर ठेवली. पर्समध्ये किल्ली, फोन, चष्मा. मग त्या गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. सूनबाई उशिरा खाली आल्या. नणंदेला द्यायची इस्त्री मागच्या सीटवर ठेवून त्यांनी दार आपटलं, आज बोळीतच पुढे बसल्या, आणि डोक्यावरचा छोटा आरसा खाली ओढून ओठ रंगवू लागल्या. गाडीतल्या या दुसऱ्या आरशातही मागचं काही दिसायची सोय नव्हती, एवढंच.

गाडी हळूहळू बोळीतून मागे आली. कचऱ्याच्या डब्यापाशी आक्कांनी एक थाप मारली, गाडी थांबली, चाक वळलं, पुन्हा मागे आली. रस्ता मोकळा झाला. आक्कांनी दोन थापा मारल्या.

आणि गाडी गेली.

आक्का वळसा घालायला निघाल्या, तेव्हा ज्या दाराला हात लावायचा ते दार चार हात पुढे होतं. त्यांनी हात वर केला. बाजूचे आरसे बोळीत घासू नयेत म्हणून मिटलेले, मागे बघणारा एकच आरसा उरलेला, आणि त्याच्यासमोर फळी. कोपऱ्यावर वळताना शेपूट उन्हात चकाकलं. हवेने काही गाडी उचलली नाही, हे मात्र खरं.

तळमजल्यावरचा न्हावी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. "आक्का, गेले की ते."

"जाऊ देत," आक्का म्हणाल्या. "पुढून वळवून आणतोय."

न्हावी आत गेला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत अर्ध्या दाढीने बसलेलं, तेही मान वळवून बघायला लागलं. आक्का कडक उभ्या राहिल्या. गाडी काही वळून येईना. न्हाव्याने फोन पुढे केला, पण नंबर सगळे आक्कांच्या फोनला पाठ, आक्कांना नाहीत. आणि पाठ असते तरी न्हाव्यासमोर पोटच्या पोराला काय सांगायचं, की मला विसरलास?

तेवढ्यात पाण्याच्या जारचा टेम्पो समोर थांबला. जार उतरवून चालक निघायला लागला तसं आक्कांनी विचारलं, दुसऱ्या टोकाला जाणार का. तो म्हणाला, "जाणार की, पण मावशी, आधी मागे घ्यायचाय." आक्का सवयीने मागे गेल्या, बघितलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या. टेम्पो जागचा हलला नाही. खिडकीतून डोकं बाहेर आलं. "बसताय ना, मावशी? दार जरा ओढून घ्या, सैल झालंय."

आक्का बसल्या. रस्ता समोरून दिसत होता, पूर्ण. चालकाला वाटलं, मावशी अबोल स्वभावाच्या दिसतात.

इकडे गाडीत काय चाललं होतं, ते आक्कांना पुढे एका भांडणात कळलं. भांडण सूनबाईंचं आणि चिरंजीवांचं, आणि आक्का पलीकडच्या खोलीत भाजी निवडत होत्या. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर चिरंजीवांनी आरशात बघून खुशीत म्हटलं होतं, "आज मागचं किती छान दिसतंय." सूनबाई म्हणाल्या, शिकल्या शेवटी नीट बसायला. मग मागच्या सीटवर फोन वाजला. लेकीचा असणार. चिरंजीव म्हणाले, आई, फोन घे. फोन वाजून वाजून थांबला. रुसलीय, हे दोघांनी नजरेनेच ठरवलं. गाडीत आई गप्प आहे, उलट उत्तर येत नाही, अशी संधी चिरंजीवांना जन्मात मिळाली नव्हती. त्यांनी मनातलं सगळं बोलून घेतलं. की वय झालं की माणसाने थोडं जुळवून घ्यावं. की प्रत्येक गोष्टीला नावं ठेवू नयेत. की त्यांनाही काही हौस आहे. उत्तर आलं नाही, तेव्हा आईला पटलं असं ते धरून चालले. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा आईपाशी मन मोकळं करत होता, आणि समोर इस्त्री बसली होती.

टेम्पोवाल्याला गल्लीबोळ पाठ, आणि लाल डबीच्या वाटेत पुलाचा चढ, म्हणून आक्कांचा टेम्पो आधी पोचला. दुकानासमोर खुर्च्या मांडलेल्या, माणसं जमलेली, आणि विहीणबाई सांगितल्याप्रमाणे दारात उभ्या. आक्का रिकाम्या जारांचा खडखडाट मागे सोडून उतरल्या.

"अरे वा," विहीणबाई म्हणाल्या. "पाण्यासकट आलात."

"गाडी मागून येतेय," आक्का म्हणाल्या. "मुलाला म्हटलं, तू सावकाश ये, मला घाई आहे."

"आणि किल्ली?"

"गाडीत आहे."

घाई असलेली बाई किल्ली गाडीत ठेवून जारांच्या टेम्पोतून आली. विहीणबाईंनी यावर काही विचारलं नाही. त्यांनी आक्कांना खुर्ची दिली, आणि ती कुणालाही दिसेल अशी मधोमध दिली. लेक हळूच म्हणाली, आई, काय झालं? आक्का म्हणाल्या, काही नाही, तुझा पदर... तुझी कॉलर दुमडलीय. लेकीने कॉलर नीट केली. ती दुमडलेली नव्हती.

मग लाल गाडी आली. शेपटासकट आली. आक्कांनी तालमीत ठरवलं होतं तिथेच, अगदी विहीणबाईंच्या पुढ्यात थांबली. चिरंजीव उतरले, वळसा घालून मागच्या दाराशी गेले आणि सगळ्यांसमोर ते अदबीने उघडून किंचित वाकून म्हणाले, "ये आई. पुरे आता राग."

कुणी उतरलं नाही. चिरंजीव आणखी वाकले. मग त्यांनी सीटच्या खाली बघितलं. जमलेल्या पाहुण्यांना वाटलं असेल, काहीतरी पडलंय. खरं कारण फक्त आक्कांना ठाऊक होतं. ज्या आईला इतके दिवस खाली सरक, खाली सरक केलं, ती तिथवर सरकली असेल, अशी पोराची समजूत होती.

आक्का खुर्चीतून उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"जरा बाजूला हो," त्या म्हणाल्या. "माझी पर्स तिथे आहे."

त्यांनी पर्स घेतली, किल्ली काढली, शटरचं कुलूप उघडलं. शटर वर गेलं, टाळ्या वाजल्या, विहीणबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. नंतर पेढ्यांचा पुडा पुढे करत त्या म्हणाल्या, "मुलगा फार जपतो हो तुम्हाला. दार उघडायला स्वतः उतरला." आक्कांनी त्यांच्याकडे न बघण्याची तालीम केली होती. तेवढी तरी उपयोगी पडली.

परत निघताना सूनबाईंची मळमळ थांबली होती. आई, तुम्ही पुढे बसा, त्या म्हणाल्या. आक्का मागे बसल्या. कोपऱ्यात नाही, मधोमध, पाठ ताठ, अंबाडा उंच. चिरंजीवांनी गाडी सुरू केली, आरशात बघितलं, आरसा वर केला, खाली केला.

"आई, थोडी सरक ना. मागचं काहीच दिसत नाही."

"मी दिसते?"

चिरंजीवांनी पुन्हा आरशात बघितलं. "तूच दिसतेस नुसती."

"मग बघून घे नीट," आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या सीटच्या पाठीवर दोन थापा मारल्या.